सतरा नंबरचा पाना

माझ्याइतका आडमुठा माणूस आख्ख्या हसनाबादेत न्हाई, असं आमची दैवशाला म्हणते. मला राग येतो, पण खोटं कशाला बोलू, बराबर म्हणते. त्या शनिवारी तर मी सगळ्या गल्लीला ते दाखवूनच दिलं.

दैवशाला म्हंजे माझी बायको. दोन वर्षं झाले, तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला जालन्याला न्यायचं, चार तास मशीनवर झोपवायचं, रक्त धुऊन झालं की परत आणायचं. हायस्कुलात क्लार्क होतो तेव्हा सायकलवर जन्म काढला मी. रिटायर झाल्यावर जुनी का होईना चारचाकी गाडी घेतली, ती निव्वळ ह्या कामासाठी. एक पाळी चुकली की तिच्या पायाला सूज येते, तोंड फुगतं, दम लागतो. दोन चुकल्या तर काय होतं ते डॉक्टरनं मला येकट्याला बाजूला घेऊन सांगितलंय. ते मी पोरीलाबी सांगितलं न्हाई.

तर त्या गुरुवारी आम्ही जालन्याला गेलो आन् तिथली पाणी शुद्ध करायची मशीन बंद. त्या पाण्याबिगर रक्त धुता येत न्हाई. "शनिवारी दुपारी चारला या, तोवर पाणी दोन कपाच्या वर देऊ नका," म्हणले. म्हंजे मंगळवारनंतर थेट शनिवार. तोंड पाडून परत निघालो, आन् राजूरच्या अलीकडं गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला.

घरी येऊन मोजपट्टी काढून बघितली तर ऑइल खालच्या खुणेच्याबी खाली. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मेकॅनिकला फोन केला असता. मी काय केलं? वडलांच्या ट्रॅक्टरच्या वेळचा एक डबा कोपऱ्यात पडला होता, गिअरबॉक्सचं ऑइल, काकवीसारखं जाड. म्हणलं ऑइल ते ऑइल, त्याच्यात काय एवढं! दीड लिटर ओतून मोकळा झालो. शुक्रवारी सकाळी गाडी चालू केली तर इंजिन गुरगुरायला लागलं आन् दिवा तसाच लाल.

राजूरला राजानंद म्हणून मेकॅनिक हाय, आमच्याच शाळेत शिकलेला. त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"काका, इंजिनात गिअरचं ऑइल? तुम्ही? आमचे दाखले लिहिणारे तुम्ही?"

"बोलू नको जास्त. काय करायचं सांग."

"गाडी आता बिलकुल चालू करू नका. इंजिन जाम होईल. सगळं ऑइल काढून टाकावं लागंल, फिल्टरसकट. नवं ऑइल आन् फिल्टर तुम्ही आणून ठेवा, उद्या सकाळी सातला मी हत्यारं घेऊन येतो."

मी शुक्रवारीच बसनं जाऊन ऑइलचा कॅन आन् फिल्टर आणला. शनिवारी सातला राजानंद न्हाई, त्याचा फोन आला. त्याची चुलती रात्री वारली होती. तो निघाला होता बुलढाण्याकडं, मातीला.

"काका, घाबरू नका," तोच मला धीर द्यायला लागला. "अर्ध्या तासाचं काम हाय, घरीच करा. फक्त हत्यारं बराबर घ्या. इंजिनाच्या खाली ऑइलचं चेंबर राहतं, त्याला एक नट हाय. त्याला सतरा नंबरचा रिंग पाना. फिक पाना घेऊ नका, तो दोनच बाजूंनी धरतो आन् नट खातो. रिंग पाना सगळीकडून धरतो. फिल्टर खोलायला पट्ट्याचा पाना. आन् नटाखाली तांब्याची चकती राहती, वायसर, तो नवा टाका. लिहून घ्या."

मी कागदावर लिहून घेतलं. दैवशाला खाटेवर उशाला दोन उशा लावून बसली होती, आडवं पडलं की दम लागत होता तिला. पाय असे सुजलेले की पैंजण रुतले होते. मी म्हणलं, "आलोच गं, तासाभरात गाडी तयार करतो." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

गावात हार्डवेअरचं दुकान नंदाबाईचं. तिनं काउंटरवर पाने मांडले, रिंग, फिक, गोटी, पट्ट्याचे. मी वांगी निवडावी तसं एकेक उचलून बघायला लागलो. हा हलका, हा जड, ह्याचं तोंड घासलेलं. नंदाबाई म्हणाली, "आवो काकासाहेब, नट खोलायचाय का सोयरीक जमवायचीय?" शेवटी एक सतराचा रिंग पाना पसंत केला, हातात घेतला की भरवसा वाटावा असा. पट्ट्याचा पाना बाजूला काढला. वायसर काढला. तेवढ्यात दैवशालाचा फोन.

"कुठं हाव?"

"दुकानात. पाने घेऊन राह्यलो."

"आज शनिवार हाय." एकेका शब्दाला थांबत होती. "शनिवारी लोखंड आन् तेल घरात आणत न्हाईत."

"तेल काल आणलं, शुक्रवारी."

"मंग लोखंड आणू नका."

"अगं येडी झालीस का? चारला पोचायचंय आपल्याला!"

"तुम्हाला माझी शप्पथ हाय. आणू नका."

आता मी असल्या गोष्टी मानणारा माणूस न्हाई. शनिवारी दाढी करतो मी. पण बत्तीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं मला कधी शप्पथ घातली न्हाई. साडी मागितली न्हाई, दागिना मागितला न्हाई. आन् आज चार दिवसांचं विष अंगात घेऊन बसलेली बाई शप्पथ घालून राह्यली, तर तिला भीती वाटत असंल, आपलं काही बरंवाईट होईल असं वाटत असंल, म्हणून मी मऊ पडलो. पाना काउंटरवर ठेवला.

नंदाबाईनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "बाईचं खरं हाय. पण इकत कशाला घेता? वापरायला न्या, सोमवारी आणून द्या. तसं चालतं."

किती साधी गोष्ट! पण माझा पारा चढलेला. बायकोवर काढता येत न्हाई, मंग काढला तिच्यावर. "काही लागत न्हाई तुमचं," मी म्हणलं. "माझ्या घरी वडलांच्या ट्रॅक्टरची पेटी पडलीय. तीस पाने हायेत तिच्यात, तुमच्या दुकानात नसतील एवढे!" आन् तरातरा घरी आलो.

पेटी काढली. गंज खरवडला. सतरा नंबर कुठंच न्हाई. सगळ्या पान्यांवर एकाखाली एक असे आकडे, पाचाखाली आठ, तीनाखाली चार. एक पाना सापडला, अकराखाली सोळा. जॅक लावून गाडीचं तोंड उचललं, चाकाखाली दगड लावले, खाली घुसलो आन् नटाला तो पाना लावून बघितला. बसला. जरा सैल होता, पण बसला. माझा मलाच आनंद झाला. म्हणलं, बघा, घरचं ते घरचं.

पहिला झटका दिला, पाना सटकला आन् माझी बोटं चेंबरवर आपटली. दुसरा दिला, परत सटकला. बोटांची सालं निघाली. मंग मला राग आला. दोन्ही पायांनी टायरला रेटा देऊन असा जोर लावला की डोळ्यापुढं काजवे चमकले, आन् पाना गर्रकन फिरला. मी म्हणलं सुटला! हात लावून बघतो तर नट तिथंच, फक्त त्याचे सहाच्या सहा कोपरे गेलेले. सुपारीसारखा गोल झाला होता.

राजानंदला फोन लावला. मागं बायांचं रडणं ऐकू येत होतं. मला शरम वाटली, पण काय करू?

"काका, पान्यावर काय लिव्हलंय?" तो हळू आवाजात म्हणला.

"वर अकरा, खाली सोळा."

"अयायाया! काका, तो सुताचा पाना हाय. जुन्या ट्रॅक्टरचे पाने इंच-सुतात राहतात. गाडीचा नट मिलीमीटरचा, त्याला तो सैल पडतो. मी सतराच का सांगितला होता तुम्हाला?"

"आता काय करू?"

"आता रिंग पाना बी धरणार न्हाई त्याला. एक काम करा, काहीच करू नका. छन्नी तर लावूच नका, चेंबर फुटंल."

फोन ठेवला आन् मी छन्नी लावली. का लावली ते मला इचारू नका. साडेबारा वाजले होते, आन् दारातून दैवशालाच्या श्वासाचा आवाज येत होता, बाहेर गाडीखाली पडलेल्या माणसाला ऐकू येईल एवढा. मी छन्नीवर हातोडा घातला. नट अर्धा फेरा फिरला आन् अडकला. ऑइलची बारीक धार लागली. मागं फिरवू म्हणलं तर फिरंना, पुढं काढू म्हणलं तर निघंना. तासाभरापूर्वी बिघडलेली का होईना गाडी होती, आता नुसता पत्रा राह्यला.

मी उठलो आन् स्टँडवर पळालो. साठी जवळ आलेला माणूस, अंगावर ऑइल, बोटातून रक्त, लोक बघत होते. एक जीप न्हाई. एक काळीपिवळी न्हाई. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी, सगळ्या गाड्या भाविक घेऊन राजूरच्या गणपतीला. दवाखान्यात गेलो, तिथली गाडी बाळंतपणाची बाई घेऊन भोकरदनला गेलेली. कधी येईल सांगता येत न्हाई म्हणले. एक बस आली, दारातसुद्धा माणसं लोंबकळत होती. त्याच्यात दैवशालाला उभी केली असती तर तिथंच खपली असती ती.

परत आलो. तेवढ्यात पुण्याहून राजनंदिनीचा फोन, आमची पोरगी. "पप्पा, निघाले का? मम्मी कशी हाय?"

"निघूनच राह्यलो बेटा," मी म्हणलं. "मम्मी बरी हाय." आन् जल्दी फोन ठेवला, नाहीतर तिला कळलं असतं. मंग गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो आन् रडलो. हो, रडलो. दिवसाढवळ्या, गल्लीत. माझ्या हातानं मी माझी बायको मारून राह्यलो, हेच डोक्यात घुमत होतं. एका पान्यापायी.

शेजारचा भागवत शेतातून जेवायला आला होता. तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"काय झालं भाऊ?"

मी नुसतं गाडीखाली बोट दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, जिभेनं चकचक केलं आन् म्हणला, "त्याला काय एवढं! बोअरची मोटर काढायचा पाईप पाना हाय ना माझ्याकडं. गोल पाईप धरतो तो, मंग हा गोल नट न्हाई का धरणार?"

आला घेऊन. पाना कसला, हातभर लांब, तोंडाला दात. दोघं गाडीखाली घुसलो. भागवतनं दात नटावर रोवले, मी दांडा धरला. "भाऊ, झटका देऊ नका," तो म्हणला, "दाबत राहा नुस्तं. दाबा. दाबा." कुर्रर्र असा आवाज झाला. मंग नट फिरला आन् काळं ऑइल भळभळा घमेल्यात यायला लागलं. माझ्या तोंडावर उडालं, गळ्यात गेलं. मला अंघोळ केल्यासारखं गार वाटलं.

फिल्टरला पट्टा नव्हता. भागवतनं जुन्या फिल्टरात आरपार पेचकस ठोकला आन् तोच धरून फिरवला, निघाला. नवा फिल्टर हातानं आवळला. वायसर जुनाच उलटा करून टाकला. नट परत पाईप पान्यानं बसवला, कॅन ओतला, मोजपट्टी बघितली. वरच्या खुणेला बराबर. चावी फिरवली. दिवा लाल झाला, एक, दोन, तीन, आन् इझला. इंजिन असं मऊ चालायला लागलं की मी भागवतला मिठी मारली. त्याचा पांढरा शर्ट काळा झाला, तो नुसता हसत होता.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. चारला पोचत होतो. पोचत होतो आम्ही!

"दैवशाला!" मी ओरडतच आत गेलो. "चल! झाली गाडी!"

ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. सकाळचीच साडी. जालन्याला न्यायची पिशवी भरलेली न्हाई. खाटेखाली तांब्या आडवा पडलेला, रिकामा. सकाळी मी तो माझ्यासाठी भरून माठाजवळ ठेवला होता.

"पाणी कुणी पिलं?"

"मी."

"सगळं?"

"पोटभर पिले आज," ती म्हणाली. "दोन वर्षानी."

मला काही समजंना. "चल, उठ, मशीन काढील ते पाणी. उठ जल्दी."

"मी येत न्हाई."

"म्हंजे?"

"येत न्हाई म्हणले ना." तिनं तोंड माझ्याकडं केलं. "शनिवारचं मी उगाच म्हणले तुम्हाला. मला काय भ्या न्हाई वाटत लोखंडाचं. पाने आणले असते तर तुम्ही गाडी नीट केली असती. न्हाई आणले तर गाडी ऱ्हाईल पडून, असं वाटलं."

माझा स्फोट झाला. काय काय बोललो ते सांगत न्हाई, दारात भागवत उभा होता, तोसुद्धा बाजूला झाला. माझे फुटलेले हात तिच्यापुढं नाचवले. सकाळपासून मी कुत्र्यासारखा पळून राह्यलो आन् तू इथं बसून मरायची वाट बघून राह्यलीस, म्हणलं. बत्तीस वर्षांत पहिली शप्पथ घातलीस ती ह्याच्यासाठी?

ती सगळं ऐकून घेत होती. माझा आवाज बसल्यावर बोलली. थांबत थांबत, श्वास घेत.

"तीनशे येळा सुई टोचली माझ्या हातात. हात बघा कसा झालाय. ते सोसलं असतं मी. पण तुमचं काय चाललंय? कुणाच्या लग्नाला न्हाई, मातीला न्हाई, पोरीकडं दोन दिस ऱ्हायला न्हाई. आज मला इथून तुमचे नुस्ते पाय दिसत व्हते गाडीखालून. तो दगड सरकला असता तर? असं तुम्हाला मारून मी जगू का? मी थकले आता. सोडा मला."

घड्याळ टिकटिक करत होतं. अडीच वाजून गेले होते. मी खाली बसलो, तिच्या सुजलेल्या पायांपाशी. राग कुठं गेला माहीत न्हाई, नुसती भीती राह्यली होती.

"तू सुटशील," मी म्हणलं. "मंग मी कसा सुटू ते सांगून जा. तू म्हणतीस मी तुझ्यासाठी करून राह्यलो. तुझ्यासाठी न्हाई करत मी. माझ्यासाठी करतो. मला संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी तरी भांडायला लागतं. ह्या घरात येकटं बसून मी भाकर खाऊ शकत न्हाई, दैवशाला. मला भ्या वाटतं. आज माझ्यासाठी चल."

असं मी तिला कधी बोललो नव्हतो. बोलायची रीतच न्हाई आमच्यात. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली, मंग वाटलं दुसरंच काही, आन् मी तिचा हात धरायला गेलो. तर तिनंच हात पुढं केला.

"उठवा मला," ती म्हणाली. "आजच्या दिवस येते. मंगळवारचं मला इचारू नका."

भागवतनं दार उघडलं, मी तिला जवळपास उचलूनच गाडीत बसवलं. जालन्याला फोन लावला, साडेचारपर्यंत मशीन मोकळी ठेवतो म्हणले. राजूरपाशी चतुर्थीची गर्दी, नारळ, फुलं, लेकरं खांद्यावर घेतलेली माणसं. मी हॉर्नवरचा हात काढलाच न्हाई. लोक शिव्या देत होते, देऊ द्या. दैवशाला काचेला डोकं टेकून बसली होती, तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पण वाजत होता.

राजूर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. मंगळवार तीन दिवसांवर होता. मला इचारायचं होतं तिला. दोनदा तोंड उघडलं मी. हिंमत झाली न्हाई.